हवेशीर वस्ती

सासूबाईंचं व्रत खरं होतं, हे आधीच सांगते. त्यात ढोंग शोधायला जाऊ नये. सकाळी डोळे उघडल्यापासून जपाची माळ पुरी होईपर्यंत त्या एक अक्षर बोलत नसत, आणि घरात माणसांचा राबता होता तेव्हाही त्यांनी हे वर्षानुवर्षं निभावलं होतं. मौन धरलं की त्या तोंडातली कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवत आणि वाटी खिडकीतल्या फळीवर. दात वाटीत असले की सासूबाई देवाजवळ आहेत, तोंडात गेले की आपल्यात आल्या, असं घरातल्यांनी समजायचं.

ती कवळी सुनेच्या हातची होती. सून कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, आणि ओठांची मूळची ठेवण बिघडू द्यायची नाही. सासूबाईंचं माप तिनं स्वतः त्यांच्यासमोर गुडघे टेकून घेतलं होतं. मुलगा पाहुण्यांना सांगे, "आमच्याकडे सुनेनं सासूचे दात तिच्याच घशात घातलेत. तेही माप घेऊन." यावर सासूबाई त्याच दातांनी हसत.

मौनाला एकच सूट होती. दूध उतू जायला लागलं की त्यांच्या तोंडून शब्द निसटे. शेगडीवर सांडलेलं दूध त्यांना पाहवत नसे. "अगं दूध," एवढंच, बोळक्या तोंडानं, आणि मग कानाला हात लावून पुन्हा माळ. आईच्या मौनात देवाची आणि दुधाची भागीदारी आहे, असं मुलगा म्हणायचा. त्याचं सगळं असंच होतं. कोणाची बाजू घ्यायची वेळ आली की त्याला विनोद सुचे.

नात नुकती शाळेत जाऊ लागली होती. झोपेतून उठली की तिचं तोंड सुरू व्हायचं ते पुन्हा डोळा लागेपर्यंत. म्हणून बापानं तिचं नाव टकळी ठेवलं होतं, आणि शेजारीपाजारीही तिला तेच म्हणत.

सुनेला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबनं बोलावलं. सगळा कवळ्यांचा विभाग तिच्या हाताखाली येणार होता. नवऱ्याचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर. वीज असली की त्याला पृथ्वीच्या पाठीवर कुठेही चालायचं. तेव्हा जायचं ठरलं. सगळे मोठ्या मनानं म्हणाले, नोकरी तुझी, घरही तूच निवड.

तिची अट एकच होती. जुन्या गावात लॅब घराच्या मागच्या गल्लीत होती. दुपारी ती घरी येई, टकळीला जेवू घालता घालता तिच्या शाळेची सगळी बखर ऐकून घेई. नव्या लॅबमध्ये साचे सकाळी लवकर येणार आणि तयार माल रवाना झाल्याशिवाय हिला उठता येणार नव्हतं. निघायच्या आधी तिनं नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "घर लहान असू दे, अंधारं असू दे. टकळी जागी असताना मला घरी येता आलं पाहिजे. मला बाकी काही नको."

"खरंय गं," सासूबाई म्हणाल्या. "आईच्या जिवाला दुसरं काय हवं असतं."

नव्या शहरात त्यांनी काही दिवसांपुरती एक खोली घेतली, एका शेगडीची, मध्ये पडदा टाकलेली, आणि तिथून घरं बघायला सुरुवात केली. एका वस्तीत शाळा नव्हती, एकीत पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नव्हतं, एकीत घरमालकाला लहान मूल नको होतं. शेवटी दोन वस्त्या उरल्या.

पहिली लॅबच्या अगदी पाठीमागे. अरुंद रस्ता, एकाला एक लागलेली घरं, समोरासमोरच्या खिडक्यांतून एकमेकींना मीठ देता यावं इतकी जवळ. खाली सुताराचं दुकान, वर दोन खोल्या. दुकानात लाकूड तासायचं यंत्र होतं, ते सुरू झालं की कपातली बशी थरथरायची. शाळा कोपऱ्यावर. सून तिथे उभी राहिली आणि तिला दिसलं, संध्याकाळी ती जिना चढतेय आणि टकळी वरूनच ओरडून काहीतरी सांगतेय.

दुसरी शहराच्या टोकाला, टेकडीच्या उतारावर. तीन खोल्या, मोठ्या खिडक्या, खाली सगळं शहर पसरलेलं. लॅबला जायला दोन बस आणि दोन बसच्या मध्ये चांगलं लांब चालणं. सासूबाई खिडकीशी गेल्या, त्यांनी हवा छातीत भरून घेतली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे माझी खाट, आणि ही टकळीची. पहाटेचा उजेड थेट अंगावर येईल पोरीच्या."

सुनेच्या खाटेचं त्यांनी काही सुचवलं नाही. ती आपली निवडायला मोकळी होतीच.

त्या संध्याकाळी सून एकटीच सुताराला गाठायला गेली. तो दुकान बंद करत होता. खोल्या द्यायला त्याची ना नव्हती, पण तो पोळलेला होता. मागच्या भाडेकरूंचे वडील म्हातारे; त्यांना यंत्राचा आवाज सोसेना, त्यांनी तक्रार केली आणि याचं दुकान कितीतरी दिवस बंद पडलं. "ताई, तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे," तो म्हणाला. "तुमचं हो मला नको. त्यांच्या तोंडून ऐकू द्या, आवाज चालेल म्हणून. सकाळी दुकानात येता येता तुमच्याकडे डोकावतो. दुकान उघडलं की दुसरी मंडळी पैसे घेऊन येणार आहेत, त्यांना मग थांबवता यायचं नाही."

सुनेनं खूप विनवलं, आत्ताच चला म्हणाली. पण त्याला घरी जायचं होतं, आणि त्याचं घर उलट्या दिशेला होतं.

ती खोलीवर आली ती जवळजवळ पळतच. सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हणाली, उद्या एक दिवस माळ जरा उशिरा घ्या, नाहीतर त्याच्यापुरतं एक हो म्हणा. सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुझं लग्न व्हायच्या आधीपासून हे व्रत माझ्यासोबत आहे गं," त्या म्हणाल्या. "बघू. देवाच्या मनात असेल ते होईल."

सकाळी सून उठली तेव्हा दात वाटीत होते.

सुतार आला. कानामागे पेन्सिल, भुवयांत भुसा. सासूबाई भिंतीशी चटईवर बसल्या होत्या, हातात माळ. सुनेनं शेगडीवर दूध ठेवलं होतं, ते तसंच सोडून ती पुढे झाली आणि व्रताचं सांगू लागली. सुतार भला माणूस होता. म्हणाला, बोलायचं नसेल तर नका बोलू, आजींनी नुसती मान हलवली तरी मला पुरे.

सून चटईपाशी गुडघे टेकून बसली, माप घेताना बसली होती तशीच. "आई, यंत्राचा आवाज चालेल ना तुम्हाला? बोलू नका. फक्त मान हलवा."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आजारी लेकराकडे पाहावं तसं. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटांतला मणी पुढे सरकवला.

सुनेनं वाटी आणली. वाटीतले दात पाण्यासकट त्यांच्यापुढे धरून ती बसून राहिली. नवरा पडद्याच्या कडेला उभा होता. "अगं, व्रत आहे तिचं," तो म्हणाला, आणि मग सुताराला सांगू लागला, "आमच्या आईला बोलतं करायचं असेल ना, तर दूध उतू घालवायला लागतं." तो हसला. सुतारही पाहुण्यानं हसावं तितकं हसला.

"मला उत्तर मिळालं, ताई," सुतार म्हणाला. "ज्यांना सकाळी स्वतःचा आवाजसुद्धा नको असतो, त्यांना माझं यंत्र कसं सोसेल? मनाला लावून घेऊ नका." आणि तो निघाला.

जिन्यावरची त्याची पावलं विरली. सून वाटी हातात घेऊन तिथेच बसली होती. मागे पातेल्यात साय फुगून काठावर आली.

"अगं दूध," सासूबाई म्हणाल्या.

माळ पुरी झाल्यावर त्यांनी कवळी धुतली, बसवली आणि चहा पिता पिता हळहळल्या. मला तर ते घर आवडलं होतं गं, म्हणाल्या, खाली लाकडाचा वास किती छान येत होता.

उतारावरच्या घरात सामान लागलं. नवऱ्यानं सगळ्यांना फोन करून हवेचं कौतुक केलं. सून उजाडताना बस धरायची आणि परत यायची तेव्हा टकळी आजीच्या कुशीत झोपलेली असायची, सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर. उठवू नको, त्या कुजबुजत, आत्ताच डोळा लागलाय. सुनेच्या वाट्याला सकाळचा चहा उरला. तेवढ्यात टकळी उठून स्वयंपाकघरात यायची आणि आदल्या दिवसाचं सगळं तिच्यावर ओतायची. कोणाशी भांडण, कोणाशी गट्टी, स्वप्नात काय आलं. सून केस बांधता बांधता, चप्पल घालता घालता ऐकायची. कधी कधी नुसतं ऐकत राहिल्यानं पहिली बस चुकायची आणि पगारातून त्याचं मोल जायचं. ते ती आनंदानं देई.

एका सकाळी टकळी आली, टेबलाशी बसली आणि ओठांवर बोट ठेवून आईकडे बघत राहिली. डोळ्यांत केवढी शान. आत आजीची माळ चालली होती.

"टकळी बंद पडली," बाप म्हणाला. "दुरुस्तीला कोणाला बोलावू?"

सुनेला वाटलं, एक दिवसाचा खेळ असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं पोरीला जवळ ओढलं, माझ्याशी बोल म्हणाली, हळूच म्हणाली, मग जरा जोरात म्हणाली. टकळीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि आवाज न करता रडू लागली. रडतानासुद्धा हुंदका बाहेर पडू देईना.

सुट्टीच्या दिवशी सासूबाईंचे दात तोंडात जाईपर्यंत सून थांबली आणि मग तिनं विचारलं. सासूबाईंना वाईट वाटलं. "मी नाही गं सांगितलं. तिनंच विचारलं, आजी, मी देवाला काय देऊ? एवढ्याशा जिवाकडे द्यायला असतं काय? आवाजच की. म्हटलं, आई घराबाहेर पडेपर्यंत बोलू नकोस." त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझ्यासाठीच धरलंय तिनं. आईची बस सुखरूप पोचावी म्हणून."

"आणि मोडलं तर?"

"व्रत मोडलं तर ज्याच्यासाठी धरलं त्याला लागतं," सासूबाई म्हणाल्या. "ते तिला सांगायला नको होतं का? खोटं कसं सांगू लहान मुलाला?"

सून नवऱ्याकडे गेली. तो म्हणाला, गावभराचे दात तुझ्या हातात, आणि घरात एकदा चावायची हिंमत नाही तुझी. तूच बोल आईशी. मग तो कॉम्प्युटरकडे वळला. सुट्टीच्या दिवशी टकळीचं मौन आजीबरोबर जेवणापर्यंत लांबे, आणि जेवून त्या दोघी हात धरून प्रार्थनेला जात. टकळी लहान होती, पण फार सच्ची होती. एकदाही चुकली नाही.

थंडी सरत आली तेव्हाची एक सकाळ. सून वाटीतलं पाणी बदलायला फळीशी गेली. वाटीत कवळीच्या शेजारी काहीतरी बारीक पांढरं पडलेलं होतं. तिनं ते चिमटीत धरलं. हजारो दात हाताखालून गेलेली बाई ती. खालचा, पुढचा, दुधाचा, हे तिला बघायची गरजही नव्हती. मुळाशी अजून रक्ताची रेघ होती.

टकळी टेबलाशी बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. सून तिच्यापुढे वाकली, बघू म्हणाली, नुसतं दाखव, बोलू नकोस. टकळीनं आधी आजीच्या पाठीकडे पाहिलं. तोंड उघडलं तर आवाज सांडेल अशी भीती असावी. तिनं मान हलवली. नाही.

मग सुनेनं दूध तापत ठेवलं. आच मोठी केली आणि हात मागे बांधून शेगडीशी उभी राहिली.

दूध चढू लागलं. टकळीला दिसलं. ती खुर्चीवर ताठ झाली, तिनं आईकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, पुन्हा आईकडे. साय फुगली, काठाला टेकली. पोरीचे ओठ सुटले, मधली काळी फट क्षणभर दिसली. आतल्या खोलीतून माळेचे मणी एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. सासूबाई चटईवरून मागे वळून इकडेच बघत होत्या, पातेल्याकडे नाही, नातीकडे. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

दूध उतू गेलं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर, सुनेच्या पायापर्यंत. करपल्याचा वास घरभर पसरला. "अगं दूध" या वेळी कोणी म्हटलं नाही. टकळीचे ओठ पुन्हा मिटले होते.

सुनेनं आच बंद केली, जमीन पुसली, फडकं पिळून वाळत घातलं. दात वाटीत परत ठेवला. बसची वेळ झाली होती. तिनं दार बाहेरून ओढून घेतलं आणि पहिल्याच वळणावर जिन्याचा कठडा धरून उभी राहिली.

आत टकळी सुरू झाली होती. "आजी, पाहिलंस? सगळं सांडलं तरी मी बोलले नाही. आता आईची बस सरळ जाईल ना?" आणि प्रत्येक स गाठला की नव्या फटीतून बारीक शिट्टी वाजत होती.