शेवटचे पाचशे मीटर

"बेरित, नीट मोजलंस ना? परत एकदा सांग." रेडिओवर विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातल्या तूर्दचा आवाज चिरकला होता.

बेरितने मोजणीची गाडी धावपट्टीच्या टोकाशी उभी केली. गाडीखालचं छोटं चाक बर्फावर किती घसरतं, त्यावरून पकडीचा आकडा निघतो. ग्रानोसच्या नगरपालिकेच्या विमानतळावर एकोणतीस हिवाळे ती हेच करत आली होती. इथे उतरायची ती एकोणीस आसनी विमानं, दिवसातून दोनदा. टपाल, औषधं, राजधानीच्या इस्पितळात निघालेला एखादा रुग्ण. आज मात्र दोनशे चौदा माणसांचं अवाढव्य विमान येत होतं. त्याचं एक इंजिन बंद पडलं होतं, आणि हिमवादळाने दक्षिणेकडचे मोठे विमानतळ बंद पाडले होते.

"पहिल्या दीड हजार मीटरवर पकड चांगली आहे," ती म्हणाली. "नदीकडच्या शेवटच्या पाचशेवर नाही. खाली बर्फाची नुसती काच आहे."

"अगं, असं तोंडावर सांगू त्याला? घाबरेल तो कॅप्टन. 'मध्यम' म्हणू का?"

"घाबरू दे. फसायला नको. जसंच्या तसं सांग, तूर्द. एक शब्द बदललास तर वर येऊन तुझी कॉफी ओतून देईन."

थोड्या वेळाने तूर्द म्हणाला, "सांगितलं. येतोय तो. चौदा मिनिटं."

बेरितने गाडी सोडली आणि वाळूचा ट्रक काढला. गरम वाळू बर्फावर पडली की रुतून बसते. नदीच्या टोकापासून सुरुवात करून ती मागे मागे येत राहिली. याच पट्ट्यावरचे पाइन तिच्या वडिलांनी तोडले होते. गावातल्या साठ माणसांनी आणि अकरा घोड्यांनी दोन उन्हाळे दगड ओढले होते. तेव्हा लोक विचारायचे, चार घरांच्या गावाला एवढी लांब पट्टी कशाला? वडील म्हणायचे, "आपली गल्ली जगाला जोडतोय, आखूड कशी चालेल?" ते स्वतः कधी विमानात बसले नाहीत.

"बेरित, बाहेर हो! आत्ता!"

"अजून शंभर मीटर राहिलेत."

"राहू देत! बाई, तो दिसायला लागलाय!"

तिने ट्रक कडेच्या बर्फात घातला आणि खाली उतरली.

आधी ढगात दोन दिवे उजळले. मग ढगच जणू फाटला आणि ते बाहेर आलं. गावच्या चर्चहून उंच, एका पंखाने किंचित कललेलं. त्याच्या आवाजाने तिच्या छातीचा पिंजरा दणाणला. चाकं टेकली. बर्फाची भिंत उसळली आणि त्या भिंतीत विमान दिसेनासं झालं. हजार मीटर. दीड हजार. भिंत बेरितच्याच दिशेने येत होती. मग भिंतीतून विमानाचं नाक बाहेर आलं. हळू, आणखी हळू. तिने पसरलेल्या वाळूत शिरून ते थांबलं.

कुंपणाबाहेर दुकानं टाकून आलेलं अर्धं गाव टोप्या हातात घेऊन उभं होतं.

बऱ्याच वेळाने रेडिओ बोलला. "कॅप्टन विचारतोय, पकड कुणी मोजली म्हणून. म्हणतो, मध्यम सांगितलं असतं तर सुरुवातीलाच इतका जोरात ब्रेक दाबला नसता." तूर्द म्हणाला. "मी तुझं नाव सांगितलं."

"त्यांना कॉफी पाठव," बेरित म्हणाली.

विमानतळावरचा जिना विमानाच्या दारापर्यंत पोचेना. सगळे हसले, आणि अग्निशामक दलाने आपली शिडी आणली. चाकं निवल्याचं त्यांनी सांगितल्यावर बेरित विमानाच्या पोटाखाली गेली. टायर तिच्या छातीपर्यंत येत होता. तिने हातमोजा काढला आणि तळवा त्यावर ठेवला. रबर अजून कोमट होतं. वरून भुरभुरणारा बर्फ त्यावर पडत होता आणि पडल्या पडल्या पाणी होऊन तिच्या बोटांवरून ओघळत होता.