पुलाच्या अलीकडे

मी ‘रस्ता बंद’चा फलक बोलतोय. लाल पत्रा, पांढरी अक्षरं आणि दोन वाकडे पाय. मुक्काम आयर्लंडच्या सीमेवर, क्लोनारा पोलीस चौकीमागच्या शेडमध्ये. गावचा पूल ओलांडला की देश बदलतो आणि पोलीसही बदलतात. लोकांना त्याचं काही नाही. कुणाचं सासर तिकडे, कुणाची मेंढरं इकडे.

मला पाहून कुणाला आनंद होत नाही. गाडी थांबते, शिवी मिळते. अंगवळणी पडलंय.

त्या सकाळी पलीकडे दुधाचा टँकर उलटला. तिकडच्या पोलिसांनी फोन केला, “पुलाच्या अलीकडे रस्ता बंद केलाय.” म्हणजे त्यांच्या अलीकडे! आमच्या डेक्लन हवालदाराने ते आपल्या अलीकडे धरलं, उलटून विचारलंही नाही. मला पुलाच्या बऱ्याच आधी, इस्पितळाच्या फाट्याच्याही आधी उभं केलं. पुढचा रस्ता मोकळा होता. पण माझ्या तोंडी शब्द दोनच.

ब्रोनाची गाडी कचकन थांबली. शेजारी तिचा नवरा मॅलकी छाती धरून बसलेला, घामाने थबथबलेला.

“डेक्लन, हलव ते! इस्पितळात न्यायचंय याला.”

“ब्रोना, मला हुकूम आहे. डोंगराकडून जा.”

“तासभर लागेल! पुढे झालंय तरी काय?”

“ते तिकडच्यांना ठाऊक.”

“मग विचार ना त्यांना!”

“फोन उचलत नाहीत गं.”

“शाळेपासून ओळखते तुला. स्वतःचं डोकं कधी वापरणारेस?”

मॅलकीचा श्वास घरघरू लागला. मला भीती वाटली, हा माणूस माझ्यासमोरच जातो की काय. ब्रोना उतरली, तिने मला उचललं आणि सरळ खड्ड्यात भिरकावलं. पडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मॅलकी वाचला. मग चौकशी झाली. पलीकडचे म्हणाले, आम्ही नीट सांगितलं होतं. अलीकडचे म्हणाले, आम्ही नीट ऐकलं होतं. मला उभं कुणी केलं, हे कुणालाच आठवेना. पाडणारीचं नाव मात्र सगळ्यांना पाठ! सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून तिला कोर्टाची तारीख मिळाली.

हल्ली मी पुरावा म्हणून शेडमध्ये पडून आहे, अंगाला चिखल तसाच. बाबांनो, पुन्हा मला रस्त्यात उभं कराल, तेव्हा उभं करणाऱ्याचं नावही माझ्यावर लिहा. आणि तारखेला मलाच साक्षीला बोलवा. रस्ता उघडा होता. खोटं मी बोलत होतो, तिने फक्त माझं तोंड बंद केलं.