मिठाचा बर्फ

एकसष्ट सालचा मे महिना. मी डहाणूच्या एका खाजगी दवाखान्यात कंपाऊंडर होतो आणि डॉक्टरांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं अशा तोऱ्यात वावरायचो. होडीवाल्या देवजीची अकरा वर्षांची जमुना रोज सुईसाठी यायची. तिला मधुमेह, इन्सुलिनवाचून दिवस जात नव्हता. औषध मुंबईहून यायचं आणि उन्हाळ्यात त्याचा जोर उतरायचा. दवाखान्यात फ्रीज नव्हता.

म्हणून मी प्रयोग मांडला. एक बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ, दुसरी देवजीच्या मासळीच्या बर्फपेटीत. आठवडाभर हिच्यातली सुई, आठवडाभर तिच्यातली. रोज जमुनाची लघवी निळ्या औषधात उकळायची. निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर थोडी साखर, विटकरी झाली तर धोका. माठाच्या बाटलीने हिरवा रंग दाखवला, बर्फातलीने निळा. मी फुशारलो. सुई टोचायला शिकवून दोन्ही बाटल्या देवजीच्या हवाली केल्या आणि वर शहाणपण शिकवलं, "जितकं गार, तितकं टिकेल."

चौथ्या दिवशी नळीत विटकरी रंग आला. धावत जाऊन देवजीची पेटी उघडली. मासळी लांब पाठवायची तर इथले मच्छीमार बर्फात मीठ घालतात, त्याने गारठा वाढतो. लेकीच्या औषधाला देवजीने दुप्पट मीठ घातलं होतं. दोन्ही बाटल्या गोठून पार दगड झाल्या होत्या. वितळवल्यावर आत कापसासारखे कण तरंगू लागले; गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंबईला तार केली. औषध दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येणार होतं. जमुनाला धाप लागली होती, हाकेला ओ देत नव्हती. तलासरीच्या एका शेठजींना हीच सुई लागते हे आठवलं, तसा बसने तिकडे गेलो. त्यांनी अर्धी बाटली लगेच काढून दिली. परतीची बस दोन तास आली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे भोगत होती दुसऱ्याची पोर. रस्त्यावर उभं राहून स्वतःला शिव्या देण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर बाकावर बसले होते. माझ्या हातातली बाटली पाहून त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. जमुना गेली होती.

देवजी जवळ आला. रडत नव्हता.

"भाऊ, तुमी सांगितलं तसंच केलं मी. मीठ पण घातलं. गार कमी पडलं काय?"

मी नाही म्हटलं. गार जास्त झालं होतं, हे सांगितलंच नाही.