गाडीला दिलेलं आवतन

गाडी बंद पडली की आमच्याकडचे सगळे पुरुष एकदम इंजिनियर होतात. त्या दिवशीही झाले.

माझ्या धाकट्या बहिणीचा, सृष्टीचा माहेरी लोहाऱ्याला साखरपुडा होता. पितर लागायच्या आत उरकायचा म्हणून घाईनं ठरलेला. आई गेल्यापासून तिची आई मीच. "ताई आल्याबिगर मी पाटावर बसणार न्हाय," असं तिनं सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, आणि हट्टात ती माझ्या वरचढ. पाहुण्यांना तर दुपारीच परत फिरायचं होतं. इकडं पावसानं लोहाऱ्याच्या जीपा बंद, एसटी बंद, आणि पोळ्यापासून पावसात भिजत उभी असलेली आमची गाडी नुसती घरघर करत होती. चालू होईल तर शपथ.

शेजारचे बिराप्पा ट्रॅक्टर काढतो म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. पैठणी नेसून नव्या सोयऱ्यांच्या देखत ट्रॅक्टरवरून उतरायचं, म्हणजे जन्मभर तेच ऐकायचं.

मग निदान सुरू झालं. माझे मालक रणधीर म्हणाले, बॅटरी उतरली. आमच्या गाडीची बॅटरी सीटखाली; तिला बिराप्पांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. गाडी आणखी जोरात घरघरली, बस. बिराप्पांचं मत, डिझेलमध्ये पाणी गेलं. त्यांनी टाकीला कान लावून ते ऐकलंसुद्धा. सासूबाईंनी दृष्ट लागली म्हणून लिंबू उतरवलं. शेवटी सगळ्यांनी मिळून धक्का मारला, तेव्हा गाडी दोन हात पुढं सरकली आणि चिखलात रुतली. मी ओटीचं सामान घेऊन ओट्यावर उभी, आणि सृष्टीचा फोन वाजतोय.

पुढचं झाकण उघडून बघावं असं मात्र कुणालाच वाटत नव्हतं. मी तीनदा सुचवलं. दर वेळी माझे सासरे, मामंजी, झाकणाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, उघडू नका, पाणी जाईल आत. एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस त्या झाकणावर मात्र फार बोलत होता.

माझं डोकं फिरलं. पदर खोचला, मामंजींना बाजूला व्हा म्हटलं आणि झाकण उघडलं.

आत पळसाचं पान होतं. पानावर पुरणाचे वाळलेले कण होते. भोवती उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडून झिंज्या झालेल्या वायरी.

"मामंजी, हे काय?"

मामंजींनी टोपी सारखी केली. "निवद."

"गाडीला?"

"बैल इकले गेल्या साली. मग पोळ्याचा निवद कुणाला दावायचा? आदल्या सांजंला आवतन दिलं व्हतं तिला. आवतन देऊन उपाशी कसं ठिवायचं? तोंड सापडंना, म्हून आत ठिवला."

आता मला गाडीवरच्या पिवळ्या डागांचा उलगडा झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि त्यांना सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मामंजींनी चाकांच्या वरचा पत्रा मळला होता, आणि ते डाग मी गल्लीतल्या पोरांना शिव्या देत घासले होते. आवतन गाडीला गेलं आणि जेवायला उंदीर आले. पानावरचं संपल्यावर त्यांनी वायरींनाही नाही म्हटलं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. फार बोलणार होते. तेवढ्यात मामंजी खाली बघत म्हणाले, "कावीळ झालती तवा तुला सोलापूरला हिनंच नेलं, पोरी. जिनं बैलाचं काम केलं, तिला घास नगं का?"

माझं भांडण तिथंच संपलं. रडू आलं, आणि ते लपवायला मी बिराप्पांवर ओरडले, बघत काय बसलात, ट्रॅक्टर काढा.

मामंजींनी वाटभर माझ्यावर घोंगडी धरली. पैठणीचा व्हायचा तो चिखल झालाच. माहेरच्या दारात सगळे पाहुणे उभे होते आणि त्यांच्या पुढं सृष्टी, अजून पाटावर न बसलेली. मला बघून ती आधी पोट धरून हसली आणि मग गळ्यात पडून रडली. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, गाडी नाही का आणली?

"अजीर्ण झालंय तिला," मामंजी म्हणाले.

सृष्टीची ओटी भरली, साखरपुडा झाला, पंगत बसली. पुरणपोळीच होती. मामंजी पोळी नुसती चिवडत बसलेले दिसले. मी ताटातली एक गरम पोळी उचलली, त्यांना उठवलं आणि मागच्या गोठ्यात नेलं. तिथं माझ्या वडिलांचा म्हातारा बैल बांधलेला होता.

"घ्या मामंजी. ह्याला तोंड सापडंल तुमाला."

बैलानं पोळी एका घासात संपवली. मामंजी कितीतरी वेळ त्याचा खांदा चोळत राहिले. मग त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "औंदा जरा उशीर झाला, बाबा."