दोन जादा बटणं

मी डेबरी आहे. पुण्याकडे डावखुरी म्हणतात, ते ऐकायला तरी बरं वाटतं. आमच्या धानोऱ्याकडे डेबरी म्हणतात आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात, चहात मीठ पडल्यासारखं.

माझ्या वडिलांना अख्खं गाव बापूजी म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. लहानपणी जेवायला बसलं की बापूजी माझा डावा हात सुतळीनं पाटाला बांधायचे. मारायचे नाहीत, बांधायचे. "उद्या सासरी डाव्या हातानं वाढशीन तर बापाचं नाव निघन," असं समजावून सांगायचे आणि गाठ पक्की करायचे. शेवटी आमचा तह झाला. जेवण उजव्यानं, प्रसाद उजव्यानं, कुणाला काही देणंघेणं उजव्यानं; बाकीचं सगळं जग डाव्यानं. हा तह मी कधी मोडला नाही. पण राग मात्र राहिला, तो अजून आहे.

बस स्टँडसमोर प्रफुलभाऊंचं सेवा केंद्र आहे, तिथे मी ऑपरेटर आहे. दाखले, पीक विमा, धानाची नोंदणी, सगळं आमच्याकडे होतं. काउंटरवर दोन खुर्च्या. एकीवर मी, दुसरीवर प्रफुलभाऊंचा भाचा आदेश, जो नवीन लागला होता. मागे भिंतीला लॅमिनेशनचं टेबल, तिथे दिवसभर प्लॅस्टिक तापवत बसायचं. मला माझी खुर्ची प्यारी आहे, हे मी लपवत नाही. ज्या बाया 'हिचं लग्न काऊन होत नाई' म्हणून आईला विचारतात, त्याच बाया त्या खुर्चीसमोर उभ्या राहून 'मॅडम, माहं एवढं पाह्यता का' म्हणतात. हे सुख लॅमिनेशनच्या टेबलावर मिळत नाही.

तर एकदा प्रफुलभाऊ चंद्रपूरला गेले आणि जुने माऊस दुकानदाराला देऊन दोन नवे घेऊन आले. काळे, दांडगे, पोटातून लाल-निळा उजेड टाकणारे.

"गेमवाले हायत," ते म्हणाले. फोटो काढून लगेच स्टेटसला टाकला.

आमच्या केंद्रात गेम कोण खेळणार होतं, देव जाणे. इथे सरकारी साइट उघडली तरी जिंकल्यासारखं वाटतं.

जुना माऊस साधा होता. दोन बटणं, मधे चाक. उजवीकडे ठेवा नाहीतर डावीकडे, त्याची तक्रार नसायची. या नव्याच्या डाव्या कुशीला दोन जादा बटणं होती. त्यातलं एक दाबलं की उघडलेलं पान मागे जातं. म्हणजे समजा तुम्ही फॉर्म अर्ध्याच्या पुढे भरलाय, नाव, गट नंबर, बँक सगळं टाकलंय, आणि ते बटण दाबलं गेलं, की पान मागे आणि फॉर्म कोरा. मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा ओटीपी. आणि ज्याचा ओटीपी त्याचा मोबाईल बहुतेक वेळा मुलाकडे असतो, आणि मुलगा रेंज नसलेल्या वावरात.

उजव्या हाताच्या माणसाचा त्या बाजूला अंगठा येतो. माझी करंगळी आणि तिची शेजारीण येते, आणि माऊस धरायचा म्हटला की त्या दोघींना कुठेतरी टेकावंच लागतं. त्या बटणावरच टेकायच्या.

पहिला फॉर्म गेला तो बुधरीबाईंचा. म्हातारी जंगलातल्या गावाहून सकाळची निघून आली होती. तिला 'परत भरावं लागन बाई' म्हणताना माझा जीव अर्धा झाला. ती बाकावर जाऊन बसली. मग अजून काही लोकांचे गेले. प्रफुलभाऊ मागे येऊन उभे राहिले.

"रंजीता, हे काऊन होऊन राह्यलं?"

मी बटणं दाखवली. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ती बंद करायची सोय शोधली होती, मिळाली नव्हती. माऊसचं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि ते टाकायला पासवर्ड लागतो, तो प्रफुलभाऊंकडे. तो मागितला.

"काहीबाही टाकून कॉम्प्युटर बसवशीन," ते म्हणाले.

"मंग मी घरून साधा माऊस आणते."

"माऊस बदलून काय होते? हात बदल. आदेश करून राह्यला ना त्याच माऊसनं? त्याले काऊन तरास नाई?" मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "सोमवारी धान नोंदणीचा शेवटचा दिवस हाय. गर्दी राहीन. सोमवारपासून उजव्या हातानं कर. नाई जमलं तर लॅमिनेशनवर बस, तुह्या खुर्चीवर मी दुसरा माणूस पाहीन."

हात बदल. चप्पल बदल म्हणावं तसं.

खरं सांगायचं तर मी प्रयत्नही केला. मधल्या दिवसांत काउंटर रिकामा असला की माऊस उजवीकडे घेऊन बसायची. पडद्यावरचा बाण मोहाची दारू पिऊन आल्यासारखा भटकायचा. एका शेतकऱ्याचं नाव निवडायला गेले तर शेजारच्याचं निवडलं. माझा हात दुखत नव्हता, माझं डोकं दुखत होतं, आणि मनगटाला पुन्हा ती सुतळी लागल्यासारखं वाटायचं. मग मी तो खेळ सोडला आणि नुसती बसून आदेशकडे पाहू लागले. याला कसा त्रास होत नाही, ते तरी शिकावं म्हटलं.

आणि काय दिसलं? त्याचेही फॉर्म जात होते.

आदेश माऊस असा आवळून धरतो की जणू पळून जाईल. त्याचा अंगठा त्याच बटणावर. जरा घाई झाली की पान मागे, फॉर्म कोरा. फरक एवढाच की फॉर्म गेला की तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "मामा, सर्वर डाउन हाय." आणि प्रफुलभाऊ लोकांना सांगायचे, "सर्वर डाउन हाय हो, जरा थांबा." आणि लोक थांबायचे. आदेशला चहा यायचा.

माझ्या अंगाची आग झाली. पण मी सोमवारपर्यंत थांबले. भांडायचं तर पूर्ण बाजारासमोर भांडावं, कोपऱ्यात नाही.

सोमवारी केंद्राच्या पायरीखालपर्यंत रांग होती. दोन काउंटर म्हणून दोन रांगा. मी खुर्चीवर बसले आणि पाहिलं, तर बापूजी. सातबारा, पासबुक, आधार, सगळं पिशवीत घेऊन उभे. आदेशच्या रांगेत.

माझ्याशी नजरानजर झाली तर ते पिशवीत काहीतरी शोधू लागले. घरी म्हणालेच होते, धानाचं काम हाय, लक्ष्मीचं काम हाय. पुढचं बोलले नव्हते, पण मला ऐकू आलं होतं. सरकारी खरेदीची नोंदणी झाली नाही तर वर्षाचं धान व्यापाऱ्याला पडेल भावात घालावं लागलं असतं. एवढी जोखीम ते माझ्या डाव्या हाताच्या भरवशावर घ्यायला तयार नव्हते.

मला रडू आलं असतं. त्याऐवजी मी प्रिंटरच्या डब्यातून स्क्रू खोलायचा बारीक पेचकस काढला.

माऊसची वायर ओढली. माऊस उलटा केला. पोटाला गुळगुळीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्याखाली स्क्रू लपवलेले. पट्ट्या नखानं सोलल्या. रांगेतले लोक माना लांब करून पाहू लागले.

"हे काय करून राह्यली?" प्रफुलभाऊ धावत आले. "माह्या पैशाचा माऊस फोडून राह्यली?"

"फोडत नाई, खोलून राह्यली."

"तुले उजव्या हातानं कर म्हणलो होतो मी."

"हात माहा हाय भाऊ, माऊस तुमचा. हात खोलता येत नाई, माऊस खोलता येते." मी झाकण उचललं. आत ती दोन्ही बटणं एकाच पट्टीला जोडलेली होती. एक छोटा स्क्रू काढला आणि पट्टी सरळ हातात आली. एवढीशी होती. एवढ्याशा वस्तूनं माझी खुर्ची ओलीस धरली होती.

"उद्यापासून येऊ नको," प्रफुलभाऊ म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले.

"उद्याचं उद्या पाहू. आज शेवटचा दिवस हाय, लोकं उभे हायत." उघड्या भोकावर मी चिकटपट्टी लावली, झाकण बसवलं, वायर जोडली. स्क्रू नीट बसले.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. "मामा, सर्वर गेला."

आदेशसमोर बापूजी उभे होते. त्यांचा फॉर्म संपत आला होता. ओटीपीसाठी रेंज मिळावी म्हणून ते एकदा बाहेर लिंबाखाली जाऊन आले होते. आता पडद्यावर पुन्हा पहिलं पान होतं.

"सर्वर डाउन हाय बापूजी," प्रफुलभाऊ सवयीनं म्हणाले. "जरा थांबा."

मी उभी राहिले. "सर्वर चालू हाय. माह्या पडद्यावर पाहा, चालू हाय. आदेशचा अंगठा त्या बटणावर हाय, तोही पाहा." आदेशनं अंगठा झटकन उचलला. सगळ्यांनी ते पाहिलं. "त्याचा फॉर्म गेला तर सर्वर. माहा गेला तर डेबरा हात. असं काऊन भाऊ?"

मग बाकावरून बुधरीबाई बोलल्या. त्या उरलेल्या कामासाठी परत आल्या होत्या. "मागच्या साली माहं काम याच पोरीनं केलतं. याच हातानं केलतं. तवा नाई गेलं."

प्रफुलभाऊंनी आदेशचा माऊस उचलला, कुशीकडून पाहिला, अंगठ्यानं बटण दाबलं. पान मागे गेलं. त्यांनी माऊस ठेवून दिला. मग मला म्हणाले, "याचेही काढून दे."

मी पेचकस त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही काढा. उजव्या हातानं. मले काम हाय."

आणि मी माझ्या रांगेतल्या माणसाचा फॉर्म घेतला. तो झाला, त्याच्या मागचा झाला. एकही कोरा झाला नाही. करंगळी चिकटपट्टीवर आरामात टेकली होती.

बापूजी कधी माझ्या रांगेत येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. मान वर केली तेव्हा ते समोर होते. मी त्यांचा फॉर्म भरला. शेवटी अंगठ्याचं मशीन पुढे केलं. त्यांनी उजवा अंगठा ठेवला. मशीननं नाकारला. परत ठेवला, परत नाकारला. विळ्यानं आणि बांधावरच्या मातीनं त्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती.

"डावा ठेवा बापूजी."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"लक्ष्मीचं काम हाय ना ते," अगदी हळू म्हणाले.

"म्हणूनच म्हणून राह्यली. ठेवा."

त्यांनी डावा अंगठा ठेवला आणि हिरवा दिवा लागला. नोंदणी झाली.

पावती छापून आली ती मी डाव्या हातानं उचलली. तहाप्रमाणे ती उजव्या हातात घ्यायची आणि मग द्यायची. एवढी वर्षं मी तेच केलं होतं, इतकं की हात आपोआप वळायचा. आज तो वळू दिला नाही. डावा हात तसाच पुढे केला, बापासमोर, भर रांगेत.

बापूजींनी पावतीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. त्यांचा हात पुढे येईना.

"माहा हाच हात हाय बापूजी," मी म्हणाले. "घेत असान तर यातूनच घ्या."

मागून कुणीतरी खोकलं. चंद्रपूरची बस हॉर्न देत निघून गेली. मी हात मागे घेतला नाही.

मग बापूजींनी पिशवी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी पावती घेतली, प्रसाद घ्यावा तशी.

"पुढचे कोण हायत?" मी विचारलं.