भंडाऱ्याच्या स्टोव्हने पाहिलेली इटली

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे आणि खरं सांगायचं तर आता दमलो आहे. माझी टाकी दोनदा गळली आणि दोनदा डाख लावून सांधली. पंपातला चामड्याचा वायसर वाळून कडक झाला आहे. पिन मारून मारून बर्नरचं भोक मोठं झालं, त्यामुळे पेटलो तरी भडकतो आणि धूरच जास्त सोडतो. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या वाटेवर खाडीकाठी एक मोहल्ला आहे. तिथे हफीजाबीच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे मी असतो. हल्ली मला कोणी खाली काढत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. कामाचा कंटाळा माणसांनाच येतो असं थोडंच आहे?

पण माझ्यापाशी एक गोष्ट आहे, ती मात्र सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला, असं माझ्या अंगावरच्या अक्षरांवरून म्हणतात. मला आठवतं ते भेंडीबाजारातलं दुकान. तिथे एक विशीतला सडपातळ जवान आला, त्याने मला उचलून कानाशी हलवून पाहिलं आणि बगलेत मारलं. त्याचं नाव कमाल. तो नुकताच एका मालवाहू बोटीवर भंडारी म्हणून लागला होता. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. बोटीच्या मोठ्या चुली कोळशाच्या होत्या. मी होतो खलाशांच्या खोलीत, त्यांच्या चहापुरता.

आता तुम्ही म्हणाल, वा, स्टोव्हबुवा, तुम्ही जग पाहिलंत! कसलं जग? मी पाहिली केटलीची बुडं. तीस वर्षं एकच काम, फुर्रर्र करत पाणी उकळणं. बोट हलायची तेव्हा कमाल मला दोन्ही पायांच्या मध्ये धरून बसायचा. पण एक नक्की, त्याच्याइतक्या निगुतीने मला कोणी सांभाळलं नाही. दर शुक्रवारी चिंच आणि राख लावून मला घासायचा आणि म्हणायचा, "तुजा तोंड बगून दाढी करता येल मना."

आमची बोट इटलीला फार जायची. नेपल्स, जिनोवा, कधी व्हेनिस. पहिल्याच सफरीत जिनोव्याला कमाल बाकीच्यांबरोबर बंदराच्या फाटकाबाहेर पडला. गर्दीत मागे राहिला आणि वाट चुकला. भाषा येईना, सगळ्या गल्ल्या सारख्या. दिवसभर फिरून फिरून रडकुंडीला आला. शेवटी एका पोलिसाने त्याला दंडाला धरून बोटीवर आणून सोडलं. कठड्याशी बोटीवरची सगळी मंडळी उभी होती. त्या दिवशी जो हशा पिकला, तो कमालच्या जिवाला लागला. त्यानंतर तीस वर्षांत त्याने इटलीच्या कुठल्याही फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. "भंडारी गेला तर शिजवल कोन?" असं म्हणून तो मागे राहायचा. समुद्रात ज्याला वादळाचं भय नव्हतं, त्याला गल्लीचं भय होतं. असतं एकेकाचं.

संध्याकाळी मंडळी परतली की माझ्याभोवती बसून चहा पीत आणि पाहिलेलं सांगत. कोणी रोमच्या मोठ्या गिरजाघराचं सांगे, कोणी पिसाच्या कललेल्या मनोऱ्याचं. कमाल साखर ढवळत ऐके आणि एक शब्द सांडू देत नसे.

मग रजेवर घरी आला की ओटीवर मोहल्ला जमे. लोक विचारत, "कमाल, काय बगितलास?" पहिल्या वेळी तो म्हणाला, "आमच्या बोटीवाल्यांनी मनोरा बगितला." लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. त्याने ते दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या रजेला तो स्वतःच मनोऱ्यावर चढला. तिसऱ्या रजेला तर वरती पोचून त्याला भोवळसुद्धा आली! रजेवर तो मलाही घरी आणायचा, त्यामुळे मी माळ्यावरच्या पेटीतून ऐकत असे. बोलता आलं असतं तरी बोललो नसतो. ज्याचं घासलेट खाल्लं, त्याची लाज मी काढू?

या गोष्टींतली एक त्याच्या बायकोला, हफीजाबीला, फार आवडायची. एका वर्षी ईदच्या दिवशी बोट व्हेनिसला होती. कमालने घरी येऊन सांगितलं, की तिथला एक म्हातारा नावाडी त्याचा दोस्त झाला, त्याने ईदला त्याला घरी नेलं आणि पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. खरं काय झालं ते मी सांगतो. त्या ईदला सगळे उतरून गेले होते. कमालने एकट्याने माझ्यावर पत्र्याच्या मगात शेवया शिजवल्या, दोन घास खाल्ले आणि उरलेल्या तशाच बाजूला सारल्या. पण हफीजाबीने विचारलं होतं, "ईदच्या दिवशी तुमी एकटेच व्हतांव?" तिच्या तोंडाकडे बघून त्याला "हो" म्हणवलं नाही. तेव्हापासून दर नमाजानंतर हफीजाबी त्या नावाड्यासाठी आणि त्याच्या लेकराबाळांसाठी दुवा मागायची. वीस वर्षं.

कमाल निवृत्त झाला तेव्हा लोक त्याला कमालचाचा म्हणू लागले होते. दोघांचा हज त्याआधी चार वर्षांपूर्वीच झाला होता. थोरला मुलगा अली मुंबईला एका बोट कंपनीत कारकून होता. पंचावन्न साली त्याने खटपट करून आईबापासाठी आगबोटीची दोन जाऊन-येऊन तिकिटं काढली. नेपल्सला उतरायचं आणि जिनोव्याहून परत चढायचं. मधले बारा दिवस इटली बघायची.

कमालचाचाचं तोंड उतरलं. "आता या वयात कशाला?" वगैरे त्याने म्हणून पाहिलं. पण हफीजाबी ऐकते थोडीच! तिने सारा बेत स्वतः आखला, आणि तोही कसा? नवऱ्याच्या गोष्टींवरून. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी पक्कं सांगायची, "अलीच्या वेळेला दिवस गेलेले तवा तुमी रोमची गोष्ट सांगितलांव. घर शाकारलं त्या साली मनोरा." एकेक शहर तिने असं संसाराच्या दोरीत ओवून ठेवलं होतं. नावाड्यासाठी तिने मोठा पत्र्याचा डबा भरून फणसपोळी घेतली. शेजारच्या मासूमाने डोळे मिचकावून विचारलं, "तो नावाडी वळखल का गो कमालचाचाला?" हफीजाबी म्हणाली, "घरचं मानूस इसरतं काय कोन?" कमालचाचा उठून परसात गेला.

आणि मित्रांनो, माझ्या नशिबी पुन्हा बोट आली! परक्या मुलखात कशात काय घातलेलं असेल, म्हणून हफीजाबी बाहेरचं शिजवलेलं खाणार नव्हती. तांदूळ, सुका बांगडा, मसाला आणि मी, असे सगळे एका कापडी पिशवीत बसलो. मी इटली पाहिली ती या पिशवीच्या तोंडातून, बांगड्याच्या वासात.

नेपल्सला फाटकाबाहेर येताच कमालचाचा थबकला. "आता कुठल्या बाजूला?" हफीजाबीने विचारलं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "रस्ते बदलले गो." रोमलाही त्याचे रस्ते बदलले होते. एका चौकाला आम्ही पाच प्रदक्षिणा घातल्या. हफीजाबीचे घोटे सुजले. शेवटी अलीने इंग्रजीत लिहून दिलेला कागद एका दुकानदाराला दाखवला, तेव्हा गिरजाघर सापडलं. ती घुमटाकडे मान वर करून बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "चारशे वर्सांचं हाय म्हनतात. ह्येनं बी जागा बदलली काय?"

तरी गंमतही आली बरं का. रोमच्या बागेत तिने मला पेटवलं आणि वर बांगडा भाजला. पोलीस शिट्टी फुंकत आला. हफीजाबीने त्याच्यापुढे भाताचं ताट सरकवलं. त्याने नाकाला रुमाल लावला, पण हसला आणि त्यांचं जेवण होईपर्यंत दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. पिसाला मनोरा बघून ती लहान मुलीसारखी मान वाकडी करून उभी राहिली. "चढूया," ती म्हणाली. कमालचाचा म्हणाला, "मना भोवळ येते." तेवढं एक तरी त्याच्या गोष्टीशी जुळलं.

मग व्हेनिस आलं. रस्त्यांच्या जागी पाणी, दारात पायऱ्या, पायऱ्यांना होड्या. खाडीकाठच्या बाईला त्याचं काय नवल! पण तिला होड्यांशी घेणंदेणं नव्हतं. फणसपोळीचा डबा छातीशी धरून ती दर म्हाताऱ्या नावाड्याकडे बोट दाखवी. "ह्यो काय? मग त्यो?" सकाळ गेली, दुपार झाली. उन्हाने तिचा चेहरा काळवंडला. शेवटी ती एका पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुमी जाऊन शोधा. मी हितं बसते. त्याला भेटल्याबिगर मी जानार न्हाय."

कमालचाचा तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "हफीजा, नावाडी न्हाय. कदी नव्हताच."

आणि मग एकेक करून सगळंच सांगितलं. मनोरा, रोम, पहिल्या सफरीतला तो पोलीस.

हफीजाबी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त एवढंच म्हणाली, "मग वीस वर्सं मी कोनासाठी दुवा मागत व्हते?" त्यानंतर दोन दिवस तिने नवऱ्याशी शब्द काढला नाही. भात शिजवायची, ताट सरकवायची, पाठ करून बसायची. आगगाडीतून डोंगर, द्राक्षमळे, गावंच्या गावं मागे पडली. दोघांपैकी कोणीच पाहिली नाहीत. मीही पार थकून गेलो होतो. दोन माणसांच्या अबोल्यामध्ये जळणं फार जड जातं, मित्रांनो.

जिनोव्याला आम्ही दुपारी पोचलो. बोट संध्याकाळची होती. बाकीचं सामान ठेवून, माझी पिशवी तेवढी हातात घेऊन हफीजाबी फाटकाशी उभी राहिली आणि दोन दिवसांनी प्रथमच बोलली.

"दुसऱ्यांनी बगितलेलं सगळं दाखवलांव. आता तुमी काय बगितलांव, ते दाखवा."

"मी? मी काय बगनार? मी भांडी घाशीत व्हतो."

"मग जिथं भांडी घाशीत व्हतांव, ती जागा दाखवा."

त्याने दाखवली. इथे मात्र तो वाट चुकला नाही. वखारी, रूळ, क्रेन ओलांडत सरळ एका धक्क्यावर गेला. "आमची बोट हितंच लागायची. भंडारखान्याची खिडकी ह्या बाजूला." समोर एक उंच भिंत होती आणि तिच्यामागे एक नवी करकरीत वखार.

"एवढंच?" हफीजाबीने विचारलं.

"एवढंच." मग वखारीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तिथं पूर्वी एक घर व्हतं. तिसऱ्या माळ्यावर खिडकी. एक बाई तिथं कपडे वाळत घालायची. पयल्या येळेला बगितलं तवा इवलीशी लंगोटी व्हती. फुडच्या सफरीला झबलं. मग शाळेचा सदरा. दर खेपेला मी बगायचो, पोरगा किती वाढला. आपला अली बी तेवढाच व्हता ना. मना अली कुठं बगायला मिळायचा? त्या सदऱ्यावरून मी अंदाज करायचो, आता अली एवढा झाला असंल."

हफीजाबी मान वर करून ती खिडकी होती ती जागा शोधू लागली.

"मग लढाई झाली. आठ वर्सं बोट हिकडं आली न्हाय. आली तवा घर नव्हतं. बाम पडला म्हनाले."

"ह्ये मना कदी सांगितलं न्हाय तुमी."

"ह्यात सांगन्यासारखं काय हाय?"

हफीजाबी खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. फसवल्याचं रडू ती व्हेनिसला रडली नव्हती. हे दुसरंच होतं. मग तिने डोळे पुसले, त्या वखारीकडे तोंड केलं, दोन्ही हात उघडले आणि त्या बाईसाठी आणि तिच्या पोरासाठी दुवा मागितली. मोठ्याने, नवऱ्याला ऐकू जाईल अशी. कमालचाचाने प्रत्येक वाक्याला "आमीन" म्हटलं.

घरी आल्यावर मोहल्ला ओटीवर जमला. मासूमाने लगेच विचारलं, "नावाडी भेटला?" कमालचाचाने सर्वांसमोर खरं सांगून टाकलं. लोक हसले, पुष्कळ हसले. पण यावेळी तो उठून परसात गेला नाही. हफीजाबी त्याच्या शेजारीच बसली होती आणि लोक हसून दमेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "इटलीत बगन्यासारखी एकच जागा व्हती. ती आमी बगून आलो." कोणती ते मात्र तिने सांगितलं नाही.

आता कमालचाचाला ओटीवर कोणी गोष्टी विचारत नाही. खोटं निघाल्यावर लोकांचा रस संपला. तो दुपारभर खाडीकडे बघत बसतो आणि मी फळीवर. दोघांनाही थोडा गंज चढला आहे.

माझ्यासाठी काही मागत नाही, मित्रांनो. मला खाली काढू नका, घासू नका. मी फार जळलो आहे, आता शांत पडू द्या. पण तुमच्या घरी दूरदेशी राबून आलेलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. गाव कसं होतं, मनोरा किती उंच होता, हे विचारू नका. ते जिथे काम करत बसायचं तिथून काय दिसायचं, तेवढं विचारा. ते आधी म्हणेल, "त्यात काय सांगण्यासारखं आहे?" तरी तुम्ही उठू नका.