वाफेचा पाईप

आमच्या भोसरीच्या कारखान्यात रबराची परीक्षा साधी असते. पट्टी दीडशे डिग्रीच्या ओव्हनमध्ये सत्तर तास ठेवायची, मग बाहेर काढून वाकवायची. तडा गेला की नापास. मला कुणी असं वाकवून पाहिलं नाही, हे माझं नशीब.

माझा थोरला भाऊ, सोपानदादा, डिंगोऱ्याच्या दूध केंद्रावर वाफेनं कॅन धुवायचा. अठ्ठ्याण्णव साली म्हणाला, "पाईप पार गेलाय रे, बघ काय जमतंय का." मी कारखान्यात उरलेला एक पाईप नेऊन दिला. तो तेलासाठीचा, नायट्राइल रबराचा. वाफेनं ते रबर कडक होऊन तडकतं, हे मला पाठ होतं. तरी म्हणालो, "चालंल की चार महिने. मग दुसरा आणतो." फुकट ते पौष्टिक! दुसरा आणायचं राहूनच गेलं.

सातव्या महिन्यात पाईप फुटला. दादा भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला. केंद्रवाले म्हणाले, त्यानंच वाफेचा कॉक जास्त सोडला. आईनंही तेच खरं मानलं.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला, पण कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. आई म्हणाली, "पोरं मी सांभाळीन." मामा म्हणाला, "घराचं काम पुरं करू." कावळे झाडावरच. काय बोलायला हवं, ते मला एकट्याला ठाऊक होतं. मी अंगठ्यानं वाळू उकरत राहिलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला गेले.

पुढची पाच वर्षं मी वाफेत न तडकणाऱ्या रबराच्या मागे हात धुऊन लागलो. ईपीडीएम रबर घेतलं, गंधकाऐवजी पेरॉक्साइडनं पकवलं, नापास पट्ट्यांचा ढीग लावला. तेविसावी पट्टी सत्तर तासांनंतरही वाकली, तडा नाही. साहेबांनी पेढे वाटले. मी ओव्हनपाशी ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, आनंदानं.

त्या रविवारी नवा पाईप घेऊन दादाच्या घरी उज्ज्वलावहिनीकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. चूक दादाची नव्हती, माझी होती.

तिनं पाईपाला हातही लावला नाही.

"हे आत्याबाई जित्या असताना सांगायचं व्हतं, भावजी," ती म्हणाली. "'माझ्या पोराला साधा कॉक सोडता आला न्हाई,' असं म्हनत म्हनत गेल्या त्या. तुमी तर आईच्या उशाशीच बसला व्हता."